खोब्रागडे बाईंची स्लाइड

मी रायपूरच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी खोब्रागडे बाईंनी मला नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, नवरा कुठे नोकरीला आहे तेही विचारलं नाही. परमुलखात एका मराठी बाईला दुसरी मराठी बाई भेटली की पहिल्या मिनिटात जे काही विचारलं जातं, त्यातलं काहीच नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दात कोरायची एक काडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "आ कर."

मी 'आ' केला. का केला, ते आजही सांगता येणार नाही. हुकमत म्हणतात ती हीच असावी. बाईंनी काडीच्या बोथट टोकानं माझ्या गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, ती काडी काचेच्या पट्टीवर पुसली, वर निळ्या रंगाचा थेंब सोडला, पातळ काच ठेवली आणि पट्टी घेऊन खिडकीशी गेल्या. तिथं सूक्ष्मदर्शक मांडलेलंच होतं. खालचा आरसा त्यांनी बोटानं जरासा कलता केला, वाकल्या, आणि चांगला मिनिटभर वाकलेल्याच राहिल्या. नवीन नोकरीच्या पहिल्या दिवशी, अर्ध्या उघड्या तोंडानं, मी निकालाची वाट बघत उभी.

"चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पेशी. तुह्या गालाच्या. जाय आता, प्राचार्य मॅडमले भेटून ये."

हा प्रकार फक्त माझ्याच वाट्याला आला नव्हता, हे मला पुढे कळलं. शाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाची ही अशीच भरती होई. चपरासी, वीजमीटर वाचायला येणारा माणूस, एकदा तर तपासणीला आलेले शिक्षण खात्याचे साहेबही 'आ' करून गेले होते. मी एकदा म्हटलं, "ताई, पण सगळ्यांच्या सारख्याच तर दिसतात."

"मंग?" बाई म्हणाल्या. "तेच तं पाहून राहिली मी इतक्या वर्षांपासून. अजून एकबी वेगळा नाही भेटला."

खोब्रागडे बाई आमच्या सरकारी मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत. शाळा पुरानी बस्तीच्या कडेला. मुलींचे बाप कुणी सिलतऱ्याच्या कारखान्यात, कुणी गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात. बाईंचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले. लग्न केलं नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नसत, विषय ठेवत. स्टाफरूममध्ये मी 'केमिस्ट्री', खिडकीशेजारच्या तिवारी मॅडम 'संस्कृत', आणि खेळाचे सर 'ओ शिट्टी'. माझ्या नवऱ्याशी ओळख करून दिली तेव्हा तो वीज मंडळात आहे एवढं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तो 'तुहा करंट' झाला.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी कायम निळी असे. मेथिलीन ब्लू. पेशी रंगवायचा तो रंग; साबण, राख, लिंबू, कशानंही न जाणारी निळाई. एका निवडणुकीत बाई मत द्यायला गेल्या, तर मतदान अधिकारी बोट बघून म्हणाला, "मैडम, आपका तो हो गया." बाईंनी तिथं रांगेसमोर त्याला निवडणुकीची शाई आणि मेथिलीन ब्लू यांतला फरक समजावून सांगितला. शाई नखाच्या मुळाशी काळी पडते, मेथिलीन ब्लू पडत नाही, वगैरे. पंधरा मिनिटं. शेवटी रांगेतलीच माणसं म्हणाली, "साहब, डालने दो ना वोट, हमको भी घर जाना है."

वर्गात त्यांचा नियम एकच. "पायलं तं बोल." मुलींसाठी तो हिंदीत असे, "देखा है तो बोलो, देखा है तो बनाओ." कांद्याच्या पाकळीचा पापुद्रा काढायचा, रंगवायचा, काचेखाली ठेवायचा आणि जे दिसेल तेवढंच वहीत काढायचं. गाइडमधली रेखीव आकृती काढली की भोपळा. मुलींची पंचाईत अशी की, गाइडमध्ये कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या नीट मांडलेल्या असतात आणि सूक्ष्मदर्शकात पहिल्या दिवशी दिसतो तो चिखल. एक मुलगी काळ्या जाड कडेचा गोल काढून आली. तो हवेचा बुडबुडा होता. दुसरीनं सात-आठ वाकड्या काळ्या रेघा काढल्या. त्या तिच्याच पापण्या होत्या. बाईंनी दोघींनाही पैकीच्या पैकी दिले आणि जिनं सुबक विटा काढल्या होत्या तिला उभं केलं.

"ये बीच में केंद्रक बनाया है। तुम्हारी स्लाइड में दिखाओ, किधर है?"

मुलगी दुलेश्वरी. दोन वेण्या, भित्रे डोळे, अक्षर मोत्यासारखं.

"दिखा क्या?"

"नहीं दिखा, मैडम."

"तो कुछ मत बनाओ. खाली गोला बनाकर लिखो, 'मुझे अभी कुछ नहीं दिखा।' उसका भी नंबर है."

"हव मैडम," दुलेश्वरीनं इकडच्या बोलीत होकार दिला आणि खरंच तसं लिहिलं. तीन आठवडे लिहिलं. चौथ्या आठवड्यात ती सूक्ष्मदर्शकावरून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीत माझ्या हातून परीक्षानळी पडली. तिला केंद्रक दिसलं होतं. बाई मला म्हणाल्या, "नळी माह्याकडून घेऊन जाय. पोट्टीले दिसलं!"

सूक्ष्मदर्शकं सहा होती. पितळी चाकांची, खाली आरसा असलेली, विजेशिवाय चालणारी. त्यांना बाईंनी जुन्या परकरांच्या टोप्या शिवल्या होत्या. उचलायची पद्धत ठरलेली. एक हात मानेला, एक हात बुडाला, तान्ह्या पोरासारखं. आणि तेही बाईच उचलणार. मुलींनी हात लावायचा तो सूक्ष्मदर्शक टेबलावर स्थिर झाल्यावर. प्राचार्य मॅडमनी एकदा कौतुकानं टोपी काढून बघितली, तर बाई म्हणाल्या, "मैडम, सर्दी हो जाएगी उसको." आजतागायत मला ठाऊक नाही, तो विनोद होता की नाही.

तर ते दिवस नव्या राज्याचे. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राजधानी म्हणजे काय, हे आम्हाला आधी पाट्यांवरून कळलं. ज्या इमारतीला चार भिंती आणि एक नळ होता तिच्यावर कुठल्या ना कुठल्या संचालनालयाची पाटी लागली. वसतिगृहात एक खातं, धान्याच्या गोदामात दुसरं. भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत आणि जागा मिळेपर्यंत ताडपत्रीखाली झोपत. असाच एक ट्रक एका सकाळी आमच्या शाळेत शिरला. वरून आदेश आला होता. शाळेची एक मोठी, हवेशीर, उजेडाची खोली एका कार्यालयाला तात्पुरती द्यायची. मोठी, हवेशीर, उजेडाची अशी एकच खोली होती. माझी रसायनाची खोलीही मोठी होती, पण त्या कार्यालयाच्या साहेबांनी दारातून आत नाक घातलं आणि अमोनियाच्या वासानं ते मागे फिरले. मी वाचले. बाईंची प्रयोगशाळा गेली.

प्राचार्य मॅडम हळहळल्या. म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकं कपाटात ठेवा, वर्ष दोन वर्षांत इमारत बांधतील म्हणे, तोवर फळ्यावर आकृत्या काढून शिकवा. प्रात्यक्षिक परीक्षा महिनाभरावर आलेली. आता बाई काय करतात म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. बाईंनी काहीच केलं नाही. सहा सूक्ष्मदर्शकं सहा खेपांत उचलून व्हरांड्यात आणली, बाक भिंतीशी लावले आणि म्हणाल्या, "चलो लड़कियों, उजाला ढूँढो."

उजेड शोधणं हा मग रोजचा तास झाला. आरशात थेट ऊन घेता येत नाही, डोळा जायचा. पण उन्हानं न्हालेल्या पांढऱ्या भिंतीचा उजेड चालतो. सकाळी मुतारीची भिंत चमके, दुपारी सायकल स्टँडची. त्यामुळे जीवशास्त्राचा वर्ग दिवसभर शाळेभोवती सरकत असे. पुढे बाई, कुशीत सूक्ष्मदर्शक. मागे बाक उचललेल्या मुली. सगळ्यांत मागे कांदे. दहा वाजता गणिताच्या खिडकीखाली, बारा वाजता नळाशी. वर्ग कुठे आहे हे विचारायचं झालं तर लोक आकाशाकडे बघत.

सरकत सरकत तो एक दिवस नव्या कार्यालयाच्या दाराशी आला. आतून उपसंचालक साहेब बाहेर आले. भोपाळहून मनाविरुद्ध बदली झालेली, घरचे सगळे तिकडेच. त्यामुळे चेहरा कायम पोटात दुखत असल्यासारखा.

"मैडम, ये दफ्तर है," ते म्हणाले.

"जी. और ये प्याज है," बाई म्हणाल्या. "देखेंगे?"

साहेबांना नाही म्हणायचं होतं, पण बाई बाजूला सरकल्या होत्या आणि बारा मुली त्यांच्याकडे बघत होत्या. ते वाकले. बराच वेळ वाकले.

"कुछ काले-काले तार दिख रहे हैं."

"आपकी पलकें हैं," बाई म्हणाल्या. "सबको पहले वही दिखती हैं. कल फिर आइए."

आणि साहेब दुसऱ्या दिवशी खरंच आले. कांदा दिसला तेव्हा त्यांनी कुणाकडेही न बघता म्हटलं, "अरे." बस, एवढंच. पण त्यानंतर दाराशी आलेल्या वर्गाला कुणी हटकलं नाही, आणि कार्यालयातून बाईंसाठी रोज एक खुर्ची बाहेर येऊ लागली.

त्या खुर्चीनं घोळ केला. कारण त्याच सुमारास बाई विचित्र वागायला लागल्या. म्हणजे, त्यांच्या मानानं विचित्र. एका मंगळवारी त्या तिसऱ्या तासानंतर घरी गेल्या. बावीस वर्षांत त्यांनी अर्धी रजा कधी घेतली नव्हती. बुधवारी आल्या, पण नेहमीची लूना घरी ठेवून सायकलरिक्षानं. आणि मग सगळ्या शाळेनं न भूतो असं दृश्य बघितलं. बाई साहेबांच्या खुर्चीत बसून होत्या आणि सूक्ष्मदर्शकं मुली उचलत होत्या. एक हात मानेला, एक हात बुडाला. दुलेश्वरीनं सूक्ष्मदर्शक उचललं तेव्हा तिचे ओठ पुटपुटत होते, बहुतेक हनुमान चालिसा.

स्टाफरूममध्ये तर्कांना ऊत आला. शिट्टी म्हणाले, बाईंची बदली झालीय. बाईंना पेन्शन घेऊन बसायचंय, असंही कुणी म्हणालं. संस्कृतनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "शादी." कुणाशी? संस्कृतनं भुवई कार्यालयाच्या दिशेनं उडवली. "कुर्सी ऐसे ही नहीं आती, बहन." आम्ही खूप हसलो. खरं सांगते, मीही हसले.

त्या आठवड्याच्या शेवटी शाळा सुटल्यावर बाई माझ्या प्रयोगशाळेत आल्या. दाराशी उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "ए केमिस्ट्री, फॉर्मेलिनमधी तुकडा पुरा बुडला नसन तं खराब होते का व?"

"कशाचा तुकडा?"

"माहा."

मला वाटलं, ही पण त्यांची काहीतरी गंमत. मी हसत मान वर केली आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी राहिलं. मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या. डावा हात अंगाशी धरलेला.

"गाठ होती. छातीत, डाव्या अंगाले. आवळ्याएवढी. काढली."

"कधी?"

"मंगळवारी. तिसऱ्या तासानंतर."

"ताई! सोबत कोण होतं?"

"डॉक्टर होता ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं, प्रयोगाची कृती सांगावी तसं, ओळीनं. दंडात नाही, तिथंच सुई देऊन भूल दिली. गाठ काढली, टाके घातले. काढलेला तुकडा बरणीत घालून तपासणीच्या लॅबमध्ये न्यायचा असतो, आणि तो नेतात नातेवाईक. "नर्स बाहेर जाऊन ओरडून राहिली, 'खोब्रागडे के साथ कौन है? खोब्रागडे के साथ कौन?' मी टेबलावरून म्हनलं, बाई, ओरडू नको. मीच आहो माह्यी नातेवाईक. दे इकडं."

अर्ध्या तासानं बाई ती बरणी डब्याच्या पिशवीत घालून सायकलरिक्षात बसल्या. रस्ता खड्ड्यांचा. बरणी हिंदकळे, तुकडा वर येई, बाई झाकण दाबून धरत. लॅबमध्ये बरणी देईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. तो पूर्ण बुडाला होता की नाही?

"बुडाला असेल ताई. नसला तरी एवढ्या वेळात काही होत नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पाहिलं नव्हतं आणि बोलले.

मग मी विचारलं, "भिलाईला भाऊ आहे ना तुमचा? त्याले काहून नाही सांगितलं?" माझ्याही तोंडून नागपुरी निघाली.

"तो रडते. मंग त्याले सांभाळू का गाठ सांभाळू?"

त्यांनी माझ्या बाटल्यांच्या फळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मायलेबी हेच होतं. तिनं कोनाले सांगितलं नाही. गेली तेव्हा मी बारा वर्षांपासून पेशी शिकवून राहिली होती व. रोज पोट्ट्यांले म्हनो, नीट पाहा, नीट पाहा. आन घरातल्या घरात मले नाही दिसलं."

मी चहा केला. रसायनाच्या खोलीत बर्नरवर चहा करायचा नाही असा मीच लिहिलेला नियम समोर भिंतीवर होता. बाईंनी तो वाचला आणि कप घेतला.

रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी, चार वाजता मिळणार होता. आणि प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच शुक्रवारी, सकाळी अकराला. मी म्हटलं, परीक्षेचं दुसरं कुणी बघेल. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. "मात्र लॅबमध्ये मी येणार," मी म्हटलं. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत, एवढंच मी धरून ठेवलं.

शुक्रवार उजाडला तो ढगाळ. फेब्रुवारीत रायपूरला ढग येत नाहीत असं नाही, पण त्यांनी तोच दिवस निवडायला नको होता. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या गावाहून बसनं यायचे, ते अकराऐवजी एकला पोचले. तोवर एकही भिंत चमकत नव्हती. मुली व्हरांड्यात आरसे फिरवून फिरवून रडकुंडीला आलेल्या. काचेखाली नुसता करडा अंधार. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "मैडम, नहीं दिखता तो मौखिक ही ले लेते हैं. चित्र किताब से बनवा लीजिए."

किताब से! मी बाईंकडे बघितलं. एरवी त्या एका वाक्यावर परीक्षकाची शाळा घेतली असती त्यांनी. पण त्या दिवशी त्या खुर्चीच्या पाठीला धरून नुसत्या उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

तेवढ्यात कार्यालयाचं दार उघडलं. साहेब व्हरांड्यातली गर्दी बघत राहिले, मग त्यांनी आभाळाकडे बघितलं.

"मेरे कमरे में बड़ी खिड़की है," ते कुरकुरत म्हणाले. "दिन भर आँख पर चमकती है, सिर दुखता है मेरा. ले लीजिए. पर फाइलें इधर-उधर नहीं होनी चाहिए."

फायली इकडच्या तिकडे झाल्याच. साहेबांनीच केल्या. चपराशासोबत स्वतः गठ्ठे उचलून खाली ठेवले. सहा सूक्ष्मदर्शकं आपल्या जुन्या जागी, खिडकीशी ओळीनं बसली. ढग होते, पण तिथून सगळं आभाळच समोर होतं. आरसे उजळले.

परीक्षक पहिल्याच टेबलाशी थांबले. दुलेश्वरी.

"क्या दिख रहा है?"

"सर, हवा का बुलबुला," ती म्हणाली. "प्याज बाजू में है. अभी लाती हूँ." तिनं पट्टी केसाएवढी सरकवली, चाक फिरवलं, पुन्हा बघितलं. "आ गया सर. सात पूरी दिख रही हैं. केंद्रक पाँच में."

"बाकी दो में नहीं होता?"

"होता होगा, सर. मुझे नहीं दिखा."

परीक्षकांनी वाकून स्वतः मोजलं. मग उभे राहून बाईंना म्हणाले, "बीस साल से जा रहा हूँ परीक्षा लेने. सबको सब दिखता है. पहली लड़की है जिसको नहीं दिखा." आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. साडेतीन.

लॅब एका दवाखान्याच्या तळमजल्यावर होती. काउंटरवरच्या मुलीनं लिफाफा दिला. बाईंनी तो माझ्या हातात दिला. मी उघडला. इंग्रजीत पाऊण पान. माझी नजर सरळ शेवटच्या ओळीवर गेली आणि मी मोठ्यांदा म्हटलं, "ताई, साधी आहे. साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. असं लिहिलंय, हे बघा!"

बाईंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "कागद कोनीबी टाईप करते," त्या म्हणाल्या आणि काउंटरच्या बाजूचं दार ढकलून सरळ आत गेल्या. मी मागे.

आत पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाशी बसले होते.

"खोब्रागडे की स्लाइड दिखाइए," बाई म्हणाल्या.

"आप कौन?"

"जिसकी है, वही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. निळं बोट बघितलं. कोण, कुठल्या, काय शिकवता, दोन वाक्यांत विचारून घेतलं. मग एका लाकडी पेटीतून पट्टी काढली, लावली आणि उठून खुर्ची दिली.

बाई बसल्या. उजवा हात सवयीनं खाली आरशाशी गेला. तिथं आरसा नव्हता, दिवा होता. मग त्यांनी चाक धरलं. मागे फिरवलं, पुढे फिरवलं. पुन्हा मागे.

"याचं फोकस खराब आहे," त्या म्हणाल्या.

"फोकस ठीक है, मैडम," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाई आणखी वाकल्या. त्यांचे खांदे हलत होते. भिंगावर पाणी पडलं, त्यांनी ते पदरानं पुसलं, पुन्हा डोळा लावला, पुन्हा पडलं. शेवटी त्या उठल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ए केमिस्ट्री, तू पाह. मले नाही दिसून राहिलं."

मी बसले. जन्मात कधी असलं काही बघितलं नव्हतं. "गुलाबी आहे सगळं," मी म्हटलं. "मधेमधे पोकळ्या. लांबट, फाटे फुटलेल्या."

"पोकळ्यांच्या काठाले काय आहे?"

"जांभळे ठिपके."

"एकसारखे आहेत का लहानमोठे? नीट पाह. घाई करू नको."

मी नीट बघितलं. खरंच सांगते, आयुष्यात मी कुठलीही गोष्ट इतकी नीट बघितली नव्हती. "एकसारखे आहेत ताई. ओळीनं. ओळ सोडून कुणी बाहेर गेलेलं नाही."

"एकबी नाही?"

"मला दिसतंय तेवढ्यात, एकही नाही."

माझ्या पाठीमागे बाईंनी श्वास सोडला. किती दिवसांचा होता कोण जाणे, बराच वेळ तो सुटतच राहिला. डॉक्टर म्हणाले, मीही हेच लिहिलंय, फक्त जरा महागात. आणि त्यांनी बाईंना पाणी दिलं.

परतताना आम्ही सायकलरिक्षा केली. ढग पांगले होते. बाई सुरुवातीला खूप बोलल्या. परीक्षकानं कुणाला काय विचारलं, सहाव्या सूक्ष्मदर्शकाचं चाक जरा सैल झालंय, सोमवारी साहेबांच्या फायली पुन्हा लावून द्यायला मुली पाठवल्या पाहिजेत. मग म्हणाल्या, "दहा दिवस झाले, केमिस्ट्री, मले..." आणि ते वाक्य तिथंच राहिलं. मी वळून बघितलं तर बाईंना झोप लागली होती. बघता बघता त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. चांगलंच जड होतं.

बुढा तालाबाच्या काठानं त्यांच्या गल्लीचं वळण आलं. रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "इधर ना, दीदी?"

मी मानेनंच नको म्हटलं. "तालाब का एक चक्कर और लगा लो, भैया. धीरे-धीरे."

त्यानं बाईंकडे बघितलं, "हव" म्हणाला आणि खड्डे चुकवत, पाय सैल सोडत, पाण्याच्या कडेनं रिक्षा पुढे काढली. पाण्यावर ऊन होतं. माझ्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या, पण मी हलले नाही. गल्लीचं वळण पुन्हा आलं. दुसऱ्या चकरेला त्यानं मला विचारलंही नाही.